राखेचा तळ

कासारवेढ्यात लोक एकमेकांची घरं जाळायला लागले, ते वैर वाढलं म्हणून नाही. वैर पूर्वीइतकंच होतं, उलट जरा कमीच. शिक्षा कमी झाली होती, एवढंच.

आधी तालुक्याला परतभट्टी आली. मग कायदा बदलला. आणि मग दत्तू झारेकरी, जो मुंगी पायाखाली आली तरी वळून बघायचा, तो खांद्यावर पिशवी टाकून गावातली दुकानं जाळत हिंडू लागला.

भट्टीचं थोडं सांगायला हवं. शाळेत आपण दोन प्रकारचे बदल शिकलो. बर्फाचं पाणी झालं, मेण वितळलं, कप फुटला, की तो भौतिक बदल. पदार्थ तोच, रूप तेवढं वेगळं. लाकूड जळलं, दुधाचं दही झालं, खिळा गंजला, की तो रासायनिक बदल. पदार्थच दुसरा झाला, आता तो माघारी यायचा नाही. हा फरक परीक्षेत चार गुणांना असे. परतभट्टीनं ते चार गुण काढून घेतले.

जळताना लाकडातला एक अणूसुद्धा नाहीसा होत नाही. कार्बन आणि हायड्रोजन ऑक्सिजनशी हातमिळवणी करून हवेत जातात, खनिज तेवढं राख होऊन खाली बसतं. हवेत गेलं त्याचं दुःख नाही. कार्बनच्या अणूवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं, कुठलाही चालतो; भट्टी तो हवेतून ओढून घेते. प्रश्न होता तो कुठला अणू कुठं बसवायचा याचा. त्याचं उत्तर एका संशोधक बाईंना राखेत सापडलं. राखेच्या कणांत जळण्याआधीच्या रचनेचा ठसा उरतो, ओल्या सिमेंटवर मांजराची पावलं उरावीत तसा, आणि नऊ दिवस टिकतो. राख म्हणजे नकाशा. नकाशा पुरा असेल तर भट्टी भरपूर वीज खाते आणि तुमचं कपाट तुम्हाला परत देते, दाराच्या आतल्या बाजूला लिहिलेल्या दूधवाल्याच्या फोन नंबरासकट. नकाशाला भोक पडलं असेल तर कपाटालाही तेवढंच भोक.

फुटक्याचं मात्र भट्टीला काही कळत नाही. कप फुटतो तेव्हा त्यात काही जळत नाही, कुठला अणू जोडीदार बदलत नाही, म्हणून ठसाही उमटत नाही. फुटका कप भट्टीत घाला, तो फुटकाच निघतो. फक्त गरम.

सरकारनं यावरून सरळ निष्कर्ष काढला. जे परत येतं त्याचं नुकसान झालंच नाही. म्हणून जाळणं हा ‘परतीचा गुन्हा’ ठरला: किरकोळ दंड आणि एक छापील माफीपत्र. फोडणं, मोडणं, वितळवणं यांना तीन वर्षं सक्तमजुरी.

त्यातून गावात नवे रीतिरिवाज आले. जाळायला येणारा पाऊण तास आधी निरोप धाडायचा. दारात आला की म्हणायचा, वहिनी, काचेचं आणि पितळेचं तेवढं बाहेर काढून घ्या, सावकाश काढा, मी थांबतो. मग स्वतःच चिनी मातीच्या बरण्या उचलू लागायचा. शिंपी आळीतल्या दोन सख्ख्या जावांनी एकमेकींची स्वयंपाकघरं आलटून पालटून सहा वेळा जाळली आणि सहाही वेळा एकमेकींचं लोणचं सुखरूप बाहेर आणून ठेवलं. भट्टी अर्धवट जळालेलं घेत नसे, कोळशामुळे नकाशा धूसर येतो. म्हणून पांढरी पेट नावाची भुकटी बाजारात आली. ती शिंपडली की सागवानी तुळईसुद्धा दहा मिनिटांत पिठासारखी खाली बसे.

फक्त एक गोष्ट कुणी मोजली नव्हती. हाताला सवय लागते. सकाळी ज्याचं घर जाळलं त्याला दुपारी थोबाडीत मारायला काही वाटेनासं झालं. बाजारपेठेतल्या एका लग्नात मानपानावरून वरपक्षानं मांडव पेटवला, वधूपक्षानं वरपक्षाची बस पेटवली, आणि पेटवायचं काही उरेना तेव्हा दोन्हीकडची मंडळी एकमेकांवर तुटून पडली. मांडव चौथ्या दिवशी भट्टीतून झालरींसकट परत आला. नवऱ्याच्या काकांचे पुढचे चार दात आले नाहीत.

दत्तू आणि गिरजा हे नवराबायको मूळचे सोनारगल्लीचे. झारेकऱ्याचा धंदा म्हणजे सोनारांच्या दुकानातली धूळ झाडून न्यायची, गटारातला गाळ उपसायचा, ओढ्यावर नेऊन ताटलीत धुवायचा. पाण्यात ताटली अशी फिरवायची की हलकं ते वरून निघून जाईल आणि जड ते तळाला बसेल. तळात सोन्याचा कण असतो. दत्तूच्या घराण्यात सात पिढ्या हेच चाललं होतं. त्यामुळे तळ टाकून देणं ही क्रिया त्याच्या हाताला ठाऊकच नव्हती. चहा प्यायला की तो कप तिरका करून तळाला काय बसलंय ते बघायचा. आमटीचं पातेलं विसळतानाही त्याचा हात आपोआप गोल फिरायचा. गिरजा यावरून त्याला पुष्कळ हसायची, लग्नानंतरची पहिली काही वर्षं.

पुढं सोनारांनी धूळ ओढून घेणारी यंत्रं बसवली आणि झारेकऱ्यांचं काम संपलं. तेवढ्यात भट्टी आली. कणही न सांडता राख गोळा करणारी माणसं सरकारला हवी होती. गिरजाला परवाना मिळाला. दत्तू दुसऱ्या बाजूला गेला. लोकांना स्वतःच्या हातानं जाळायचा कंटाळा येऊ लागला होता, ते दत्तूला सांगायचे. तो पेटवायचा, ती झाडायची. नवराबायकोचं इतकं जुळलेलं काम गावात दुसरं नव्हतं.

पहिल्यांदा त्यानं तिचा लग्नातला शालू जाळला तो आमटी खारट झाली म्हणून. पेटवल्यावर स्वतःच घाबरला, रांगेत उभा राहिला, चौथ्या दिवशी शालू वर्तमानपत्रात गुंडाळून, वर गजरा ठेवून घरी घेऊन आला. म्हणाला, “परत आणला ना?”

आणला होता खरा.

असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी वारा होता, चिमूटभर राख उडाली, पदराला रुपयाएवढं भोक आलं. गिरजा म्हणाली, मी भावाकडे जाते. दत्तूनं तिचा उजवा हात धरला आणि पिळला. ओला कपडा पिळावा इतक्या सहज पिळला, आणि मनगटात काहीतरी काडकन वाजलं.

तो लगेच वरमला. तिला स्कूटरवर बसवलं आणि सवयीनं थेट भट्टीवर नेलं.

भट्टीच्या खिडकीत मंगरूळे मॅडम असायच्या. रसायनशास्त्रातली पदवी, गळ्यात साखळीचा चष्मा, हातात कायम विणकाम. त्यांनी मान वर न करता विचारलं, “काय जळलं?”

“जळलं नाही. मोडलंय.”

“हाड मोडणं भौतिक. इथं येत नाही. सरकारी दवाखाना डाव्या हाताला.”

दवाखान्यात अशाच मोडलेल्यांची गर्दी होती. दुसऱ्या दिवशी नंबर लागला तोवर मनगट सुजून टम्म झालं होतं. हाड जुळलं ते वाकडंच.

पट्टी सुटल्यावर गिरजा सदोबामामांकडे गेली. सदोबा कासार, बाजारपेठेतलं बांगड्यांचं दुकान, वय सत्तरीच्या पुढं, वरचा डावा एक दात अर्धा तुटलेला, बायको वारलेली, लेक कालिंदी सांगलीला दिलेली. गिरजाच्या लग्नाचा चुडा त्यांनीच भरला होता. त्यांनी तिचा वाकडा हात गुडघ्यावर घेतला, साबणाचा फेस लावला आणि हिरव्या काचेच्या आठ बांगड्या एकेक करून त्या वाकड्या हाडावरून अशा चढवल्या की तिला एकदाही कळ आली नाही. बांगडी हाडापाशी आली की ते श्वास रोखून धरायचे.

“काचेला हात लावताना मी श्वास धरतो, पोरी,” ते म्हणाले. “तुझ्या नवऱ्याला सांग. बायकोला हात लावताना त्यानं निदान तेवढं करावं.”

गिरजानं हे दत्तूला सांगितलं नाही. डाव्या मनगटाचा विचार केला.

त्या वर्षी वैशाखात मुरकुटे वस्त्रालयाच्या मालकांनी दत्तूला बोलावलं. सदोबाचं दुकान त्यांच्या शेजारी. सदोबाच्या दुकानाची छपरी थोडी पुढं आलेली, तिच्यामुळे मुरकुटेंच्या पाटीवरची शेवटची चार अक्षरं झाकली जात. छपरी मागं घ्या, असं मुरकुटेंनी तीनदा सांगून पाहिलं. सदोबांचं म्हणणं, उन्हानं बांगड्यांवरचा मुलामा उडतो. मुरकुटे म्हणाले, दत्तू, एकदा जाळून टाक. आठ दिवसांनी परत येईल तेव्हा अंगात थोडी नरमाई आलेली असेल.

मंगळवार बाजार बंदचा. मुरकुटे आपल्या दुकानाला कुलूप लावून देवदर्शनाला गेलेले. पेठेत कुत्रंसुद्धा सावलीला गेलं होतं. दत्तू दुपारी दोनला पोचला. पिशवीत पांढऱ्या पेटेचे पुडे, आणि वडिलांची हातोडी. सोनं आटवायच्या मुशी जुन्या झाल्या की फोडून त्यात चिकटलेलं सोनं काढायची ही हातोडी. तिचं तोंड आठकोनी. मुशी आता कुठं राहिल्या नव्हत्या, पण वडिलांची वस्तू म्हणून ती कायम पिशवीत असे.

सदोबांनी त्याला बसायला पाट दिला. म्हणाले, दुकानात दोनशे डबे आहेत, मी एकटा माणूस, संध्याकाळपर्यंत वेळ दे. दत्तूला चार वाजता एक ब्यूटी पार्लर जाळायचं होतं. त्यानं घड्याळ बघितलं आणि स्वतःच डबे बाहेर काढायला लागला. चौथा की पाचवा डबा हातातून सुटला. बारा डझन बांगड्या फरशीवर फुटल्या. त्या बंद दुपारी तो आवाज फार वेळ चालला.

सदोबा खाली वाकले. एक तुकडा उचलून हातात धरला.

“दत्तू,” ते शांतपणे म्हणाले, “हे भौतिक झालं. याला तीन वर्षं आहेत. मी चौकीवर जातो.”

चपला घालून ते दाराकडे वळले. दुकान जाळायला आलेल्या माणसाला त्यांनी पाट दिला होता. पण काच फोडणाऱ्याला ते सोडणार नव्हते. दत्तूच्या डोळ्यांपुढं तीन वर्षं उभी राहिली. त्यानं पिशवीत हात घातला आणि मागून, उजव्या कानाच्या वर, हातोडी मारली. म्हातारा गुडघ्यांवर बसला. तोंडातून, खोकला येण्याआधी येतो तसा, छोटासा आवाज आला. दत्तूनं आणखी एकदा मारलं. दुसऱ्यांदा कशाला, हे त्याला नंतर कोर्टातही सांगता आलं नाही.

मग त्यानं बाहेर काढलेले डबे पुन्हा आत टाकले आणि चार पुडे पेट शिंपडली. नेहमी दोन लागायचे.

गिरजा साडेतीनला कुंचा आणि डबे घेऊन आली. दत्तू समोरच्या पायरीवर बसला होता. म्हणाला, म्हातारा सकाळीच लेकीकडे सांगलीला गेला, किल्ली देऊन गेला.

ती आत वाकली आणि झाडायला लागली. लाकडाची राख कुंच्याला कशी लागते ते तिला ठाऊक होतं; मैद्यासारखी, आवाज न करता सरकते. दाराजवळ मात्र कुंचा खरखरला. मैद्यात जाड रवा मिसळावा तशी राख, पांढरी, जड, दीड हात रुंद आणि माणूसभर लांब. भिंतीलगत काचेचे गोळे पडले होते, लाल, हिरवे, निळे एकमेकांत वितळलेले. दोनशे डब्यांतले सगळे.

लग्न लावून दिलेल्या लेकीला भेटायलासुद्धा हा माणूस बांगड्यांचं कपाट दोनदा ओढून बघून मग निघायचा. तो दोनशे डबे आगीत ठेवून गावाला गेला?

तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो दुसरीकडे बघत होता. गिरजानं दाराजवळची राख सगळ्यात सावकाश झाडली. श्वास रोखून झाडली. दोन डबे भरले, झाकणं लावली, वर कागद चिकटवून सदोबा कासार असं नाव घातलं आणि घरी आणले. भट्टीवर नंबर शुक्रवारचा लागला.

बुधवारी सकाळी ती अर्ज भरायला गेली आणि तासाभरात परत आली. दोन्ही डबे धुऊन उन्हात पालथे घातले होते. दत्तूची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती.

“राख?”

“ओढ्याजवळ सांडली. पाय घसरला.”

“दोन्ही डबे?”

“दोन्ही.”

“एकाच पायानं?”

दत्तू उठला. त्यानं तिला मानेला धरून भिंतीला टेकवलं आणि फार समजावणीच्या सुरात बोलला. राख सांडली तर दोष झाडणाऱ्याचा, हे नियमातच आहे. “तू सांगायचं, तुझ्या हातनं सांडली. तुझा हात अधू हाय. लोकांना पटंल.” मग तिचं डावं मनगट दोन बोटांत धरून बघितलं. “हा अजून सरळ हाय बघ.”

गिरजा म्हणाली, बरं.

तो बाहेर पडला तशी ती जमिनीवर बसली. मानेवर त्याच्या अंगठ्याचा वळ उठत होता. डबे धुतलेले, राख ओढ्यात, नकाशा पाण्यात. उद्या ती चौकीवर हेच सांगणार, परवाना जाणार, आणि सदोबामामा कायमचे सांगलीला गेलेले राहणार. कालिंदी तिकडून विचारेल, इकडून कुणी सांगणार नाही. तिला सगळ्यात जास्त राग आला तो आपण बरं म्हटल्याचा.

मग तिच्या मनात आलं, नुसती सांडायला कुणी गुडघाभर पाण्यात उतरत नाही; यानं ती धुतली, आणि धुतली म्हणजे कशात धुतली?

खुंटीवर दत्तूची ताटली नव्हती.

तिनं फळीवर बघितलं, पोत्यांमागं बघितलं. शेवटी खाटेखाली वाकली. ताटली तिथं होती, भिंतीकडेला सरकवलेली. तिच्यात आठ-दहा मुठी पांढरा तळ, ओलसर, एकसारखा पसरलेला. कडेनं बोट फिरवून गोल केलेला, घरात सात पिढ्या तळ वाळत घालायची जी पद्धत तीच. माणूस मारून त्याची राख ओढ्यात सोडायला गेलेल्या दत्तूनं हलकं ते वरून जाऊ दिलं होतं आणि जड ते घरी आणलं होतं.

गिरजानं ताटलीवर फडकं बांधलं आणि ती भट्टीवर गेली.

मंगरूळे मॅडमनी तळ वजनकाट्यावर ठेवला, एक कण बोटावर घेऊन बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. राख धुतलेली आहे, त्या म्हणाल्या. पोटॅश, सोडा, जे जे पाण्यात विरघळतं ते ते गेलं. मीठ पाण्यात विरघळणं हा साधा भौतिक बदल. पाणी आटवलं की मीठ परत मिळतं. पण तुम्ही पाणीच सोडून दिलंत. आता लाकूड, कापड, मांस यांचा नकाशा मिळायचा नाही. जे विरघळत नाही तेवढंच उरलंय. कॅल्शियम फॉस्फेट.

“म्हणजे काय निघंल?”

“हाडं,” मॅडम म्हणाल्या, आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. विणकाम मांडीवरून खाली सरकलं. अर्जाच्या पहिल्या रकान्यावर त्यांचं पेन थांबलं. “वस्तूचं नाव?”

“सदोबामामा.”

मॅडमनी शुक्रवारचा नंबर खोडला आणि बुधवारचा घातला. बावीस वर्षांच्या सरकारी नोकरीत त्यांनी मोडलेला हा पहिला नियम.

भट्टीला तीन तास लागले. तेवढ्यात दत्तू घरी गेला, त्यानं खाटेखाली बघितलं आणि तो धावत भट्टीवर आला. आल्या आल्या त्यानं गिरजाचे केस धरले आणि तिला कठड्यावर आपटलं. तिची भुवई फुटली. ती उठली, त्यानं पोटात लाथ घातली. ती पुन्हा उठायला लागली तसा त्यानं पिशवीतून हातोडी काढली. रांगेत चौदा माणसं होती. कुणी पुढं आलं नाही, कारण प्रत्येकाच्या हातात राखेचा उघडा डबा होता आणि वारा सुटला होता. दोघांनी डब्यावर हात मात्र धरला.

हातोडी वर गेली तेवढ्यात भट्टीची घंटा वाजली आणि खालचा खण आपोआप बाहेर आला.

खणात हाडं होती. स्वच्छ, नुकती घासून ठेवल्यासारखी. फासळ्या, हातापायांची नळकांडी, बोटांच्या पेरांची लहान लहान हाडं, आणि कवटी. वरच्या जबड्यात डावीकडे सदोबामामांचा तो अर्धा तुटका दात. उजव्या कानाच्या वर एक भोक होतं, त्याच्याच बाजूला आणखी एक. दोन्हींना आठ-आठ कोन.

मंगरूळे मॅडमनी चष्मा लावला. त्यांनी खणात बघितलं, मग दत्तूच्या वर गेलेल्या हाताकडे बघितलं. मग रांगेतल्या पहिल्या माणसानं बघितलं, मग दुसऱ्यानं. चौदाव्या माणसानं हातातला डबा खाली ठेवला.

“द्या ती हातोडी,” गिरजा म्हणाली. भुवईचं रक्त तिच्या डोळ्यात उतरत होतं. तिनं ते पुसलं नाही.

दत्तूनं हात खाली केला. त्याची नजर खणातच होती, अगदी तळाला, जसा तो चहाच्या कपात बघायचा.

“मी फेकाय गेलो होतो गं,” तो म्हणाला. “खरंच गेलो होतो. हात उघडंना.”

तिनं त्याच्या मुठीतून हातोडी सोडवून घेतली आणि खिडकीत ठेवली, मॅडमच्या विणकामाशेजारी.

खटला फार चालला नाही, पण गाजला. दत्तूच्या वकिलांनी एक मुद्दा मांडला. मरण म्हणजे शेवटी काय, तर शरीरातल्या रासायनिक क्रिया थांबणं आणि दुसऱ्या सुरू होणं. अर्थात मरण हा रासायनिक बदल. रासायनिक बदल कायद्यानं परतीचा. तेव्हा आरोपीला किरकोळ दंड करून माफीपत्र लिहून घ्यावं. त्यांनी तीन प्राध्यापक आणले होते. दोघांनी होय म्हटलं, तिसऱ्यानं अधिक संशोधनाची गरज सांगितली.

न्यायाधीश बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “परत आणा. नऊ दिवस देते.”

दहाव्या दिवशी शिक्षा सुनावली. कलमांचा क्रम तसा होता म्हणून आधी एक डबा बांगड्या फोडल्याबद्दल आणि बाकीच्या वितळवल्याबद्दल तीन वर्षं. मग जन्मठेप. कोर्टाबाहेर पोलीस दत्तूला गाडीत चढवत होते तेव्हा त्यानं वळून गिरजाला विचारलं, तुझी एकूण एक वस्तू मी परत आणली होती ना? तो खरंच विचारत होता. गिरजा तोच शालू नेसून आली होती. पदराच्या भोकातून तिचं बोट आरपार गेलं होतं.

सदोबांचं दुकान काही परत आलं नाही. त्याचा नकाशा ओढ्यातून पुढं नदीला मिळाला. मुरकुटेंनी ती छपरी पाडायचा खर्च वाचला असं एकदाही बोलून दाखवलं नाही, पण त्यांची पाटी आता पेठेच्या पार टोकावरून पूर्ण वाचता येते. तिच्याकडे वर बघायला मात्र गावातल्या बायका तयार नसतात. कापड घ्यायला पुढच्या गल्लीत जातात.

कालिंदी हाडं न्यायला आली. मॅडमनी ती पांढऱ्या कापडात बांधून दिली आणि माफीपत्राचा छापील कागद चुकून पुढं केला, मग मागं घेतला. कालिंदी एक रात्र गिरजाकडे राहिली. सकाळी गिरजा उजवा हात पुढं करून म्हणाली, मामांनी भरलेल्या या आठ बांगड्या आहेत. दुकानातल्या सगळ्या गेल्या, या तेवढ्या राहिल्या. तुझ्या आहेत.

शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. नवरा जिवंत आहे, म्हणाल्या, हात रिकामा करू नये. काढायच्याच असल्या तर त्या वाकड्या हाडावरून निघणार नाहीत, फोडाव्या लागतील, आणि फोडणं तर वाईट. गिरजा म्हणाली, फोडायच्या नाहीत.

कालिंदीनं वाटीत साबणाचा फेस केला. गिरजाचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला, अंगठा तळहाताशी दाबला आणि पहिली बांगडी हाडापाशी आणली. तिथं ती थांबली. गिरजाच्या ध्यानात आलं की या मुलीनं श्वास धरला आहे. मग गिरजानंही धरला.

एक बांगडी, मग दुसरी. ऊन उंबऱ्यावरून आत आलं. बायका कंटाळून परत गेल्या, जेवणं आटोपून पुन्हा आल्या. आठवी बांगडी निघाली तेव्हा दुपार झाली होती. कालिंदीनं आठही फडक्यावर ओळीनं ठेवल्या आणि मोजल्या. एकीलाही चीर गेली नव्हती.

मनगट वाकडं होतं ते वाकडंच होतं. गिरजानं फेस धुऊन टाकला आणि वाटीत काय उरलं ते न बघता पाणी अंगणात ओतलं.